चरणपूरचा दिवा आणि बिलगावचे पाणी : ‘स्वदेस’च्या निमित्ताने आदिवासी नेतृत्वाचा विचार

प्रास्ताविक

आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित ‘स्वदेस’ हा हिंदी चित्रपट १७ डिसेंबर २००४ रोजी प्रदर्शित झाला. तिकीटबारीवर त्याला बेताचेच यश लाभले. परंतु पुढील काळात सुशिक्षित मध्यमवर्गाने, विशेषतः महाविद्यालयीन जगताने, त्याला ज्या आदराने स्वीकारले तो आदर फार थोड्या चित्रपटांच्या वाट्याला येतो. ग्रामविकास, श्रमदान, अपारंपरिक ऊर्जा यांपैकी कोणताही विषय निघाला की विद्यार्थ्यांना हा चित्रपट पाहण्यास सुचवले जाते. मराठवाड्यासारख्या भारनियमन आणि पाणीटंचाई या दोहोंचा दीर्घ अनुभव असलेल्या प्रदेशात त्याचे आवाहन अधिकच असणे स्वाभाविक आहे.

या चित्रपटाचा उत्कर्षबिंदू म्हणजे विजेचा एक दिवा. चरणपूर नावाच्या काल्पनिक गावात टेकडीवरील झऱ्याचे पाणी साठवून गावकरी लहानसा जलविद्युत संच उभारतात आणि एका वृद्ध स्त्रीच्या चेहऱ्यावर विजेचा उजेड पडतो. या प्रसंगामागे महाराष्ट्रातील एका खऱ्या गावाची प्रेरणा असल्याचे वेळोवेळी सांगितले गेले आहे. ते गाव म्हणजे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी (धडगाव) तालुक्यातील बिलगाव. प्रेरणास्थान आणि कलाकृती यांच्यात अंतर असतेच. ते असणे हा दोष नाही. मात्र त्या अंतरात नेमके काय गळून पडले, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. ‘स्वदेस’मधून आदिवासी गळाला आणि त्याच्यासोबत पाण्यावरील हक्काचा प्रश्नही गळाला. आज ज्याला ‘हवामान न्याय’ म्हटले जाते त्याच्या गाभ्याशी हाच प्रश्न असल्यामुळे या गळतीचा विचार करणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात हा विचार वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेच्या आधारे केला आहे.

बिलगाव : उजेडाची तीन वर्षे

सातपुड्याच्या डोंगररांगांत, नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीच्या काठी बिलगाव वसले आहे. येथील नैसर्गिक धबधब्याचा उपयोग करून जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॅट क्षमतेचा जलविद्युत संच कार्यान्वित झाला. तांत्रिक बाजू केरळमधील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या गटाने सांभाळली, आर्थिक साहाय्य ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या अमेरिकास्थित भारतीयांच्या संस्थेने केले, संघटनात्मक बळ नर्मदा बचाओ आंदोलनाचे होते आणि बांध घालणे, कालवा खोदणे, दगडमाती वाहणे हे सारे काम गावातील आदिवासी स्त्री-पुरुषांनी श्रमदानातून केले. वीज पाड्यांवरील घरांत आणि गावातील निवासी शाळेत पोहोचली. राज्याच्या वीज मंडळाची तार जेथे पोहोचली नव्हती तेथे गावाने स्वतःची वीज केली, ही गोष्ट साधी नव्हे.

त्याच नर्मदेवर सरदार सरोवर धरण उभे राहत होते. त्याची स्थापित क्षमता १,४५० मेगावॅट, म्हणजे बिलगावच्या संचाच्या सुमारे ९७ हजार पट. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार या विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा; आणि महाराष्ट्रातील बुडिताचा भार अक्राणी व अक्कलकुवा या दोन तालुक्यांतील ३३ आदिवासी गावांवर. २००६ साली धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी मिळाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पाण्याचा फुगवटा बिलगावपर्यंत चढला आणि विद्युत संच उद्ध्वस्त झाला. चरणपूरचा दिवा पडद्यावर लागल्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

येथे एक बाब आवर्जून नोंदवावी लागते. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेच्या व्याख्येत स्थान दिले. या व्याख्येच्या दृष्टीने पाहिले तर बुडालेला १५ किलोवॅटचा संच आणि त्याला बुडवणारे धरण ही दोन्ही एकाच पुण्यकर्माची रूपे ठरतात. कोळसा जळत नाही एवढाच निकष लावला तर तसे म्हणणे चूकही नाही. परंतु वीज कोणाच्या पाण्यावर होते, कोणासाठी होते आणि ती कोणाच्या निर्णयाने होते, हे प्रश्न त्या निकषात बसत नाहीत. हवामानाविषयीच्या चर्चेला न्यायाच्या चर्चेपासून वेगळे काढले की अशी सोयीची आंधळेपणाची जागा तयार होते. ‘स्वदेस’ ही जागा कलात्मक पातळीवर कशी निर्माण करतो, ते आता पाहावयाचे आहे.

पडद्याची पलीकडची बाजू

‘स्वदेस’चा नायक मोहन भार्गव हा ‘नासा’ या अमेरिकी संस्थेत काम करतो. त्याच्याकडे असलेला प्रकल्प पृथ्वीवरील पर्जन्यमान उपग्रहाद्वारे मोजण्याचा आहे. (असा उपग्रह प्रत्यक्षात फेब्रुवारी २०१४ मध्ये अवकाशात सोडण्यात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पाऊस मोजता येणे आणि पाणी मिळणे यांतील अंतर मराठवाड्याच्या वाचकास वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.) म्हणजेच पाणी हा विषय चित्रपटाच्या पहिल्या दृश्यांपासून आहे. बालपणी सांभाळ करणाऱ्या कावेरीअम्माच्या ओढीने मोहन भारतात येतो आणि गावाच्या प्रश्नांत गुंतत जातो.

चित्रपटातील सर्वांत समर्थ प्रसंग विजेचा नाही, तो त्याआधीचा पडद्याचा आहे. गावात फिरत्या सिनेमाचा खेळ लागलेला आहे. पडद्याच्या पुढे सवर्ण बसले आहेत आणि मागे गावातील खालच्या मानल्या गेलेल्या जातींचे लोक. त्यांना चित्र उलटे दिसते. वीज जाते, मोहन मुलांना तारे दाखवतो, गाणे सुरू होते आणि त्या ओघात तो मधला पडदाच काढून टाकतो. समाजाच्या दोन बाजू एका आकाशाखाली येतात. दृश्यभाषेत जातिव्यवस्थेवर इतके नेमके भाष्य लोकप्रिय हिंदी चित्रपटात क्वचितच आढळेल. हरिदास या विणकराच्या झोपडीतील रात्र आणि परतीच्या प्रवासात स्थानकावर पंचवीस पैशांना पाणी विकणारा मुलगा हे प्रसंगही याच प्रतीचे आहेत. गोवारीकर यांची संवेदनशीलता या ठिकाणी निःसंशय खरी आहे.

असे असूनही पडदा काढतो कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो. मागे बसलेल्यांपैकी कोणी उठत नाही. पुढे बसलेल्यांपैकीही कोणी नाही. बाहेरून आलेला, गावाच्या उतरंडीत स्थान नसलेला अभियंता उठतो. पुढे वीजनिर्मितीच्या प्रसंगात हीच रचना पुन्हा येते: कल्पना त्याची, गणित त्याचे, साहित्यासाठी पैसाही त्याचाच, गावाचे हात तेवढे. बिलगावातही बाहेरचे तंत्रज्ञ होते, बाहेरचा पैसा होता, हे वर आलेच आहे. परंतु बिलगावच्या लोकांना संघटनेचा प्रदीर्घ अनुभव होता, बुडिताच्या पाण्यात उभे राहून केलेल्या सत्याग्रहांची परंपरा त्यांच्या परिसरात होती, आणि वीज तयार करणे ही त्यांच्या लेखी धरणाला दिलेल्या उत्तराचा एक भाग होती. विकासाला विरोध करणारे म्हणून ज्यांची हेटाळणी होत होती त्यांनी विकासाचा आपला अर्थ करून दाखवला. चरणपूरच्या गावकऱ्यांच्या गाठीशी असे काहीच नाही. ते जागे होण्याची वाट पाहत असलेले लोक आहेत.

आणखी एक गोष्ट. चरणपूरला शत्रू नाही. तेथील अडचण म्हणजे गावाची स्वतःची जडता, जातीचा अभिमान, ‘चालायचेच’ ही वृत्ती. पंचायतीसमोरील मोहनच्या प्रसिद्ध भाषणाचा रोखही तिकडेच आहे. शासन येथे अनुपस्थित आहे, फार तर उदासीन आहे. बिलगावच्या वाट्याला आलेले शासन उदासीन नव्हते. ते धरणाची उंची मीटरच्या दोन दशांश स्थळांपर्यंत निश्चित करणारे होते. चरणपूरच्या झऱ्याचे पाणी दुसऱ्या कोणाला नको आहे, म्हणून तेथे श्रमदान पुरेसे ठरते. बिलगावच्या पाण्यावर चार राज्यांचा आणि एका न्यायाधिकरणाचा हिशेब मांडलेला होता. चित्रपटाने कथा उत्तर भारतातील बिगर-आदिवासी गावात हलवली, ती हलवताना हा हिशेब मागे राहिला. उरली ती स्वावलंबनाची बोधकथा. ती सुंदर आहे. पण ज्यांच्या अनुभवातून ती आली त्यांना ती सांगता आली नसती, कारण त्यांच्या कथेचा शेवट वेगळा होता.

‘स्टेज’ : एक निकष

वाहरू सोनवणे हे शहादा परिसरातील भिल्ल कवी व कार्यकर्ते. सत्तरच्या दशकात तेथे जमिनीच्या व मजुरीच्या प्रश्नावर जी चळवळ उभी राहिली तीतून त्यांची जडणघडण झाली. त्या चळवळीची पायाभरणी करणारे अंबरसिंग सुरतवंती हे स्वतः तरुण भिल्ल कार्यकर्ते होते. १९७४ साली त्यांचे अकाली निधन झाले. आदिवासी तरुणांचे नेतृत्व ही अलीकडची, परदेशातून आलेली कल्पना असल्याचा समज दूर होण्यासाठी एवढा उल्लेख पुरेसा आहे. सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ साली प्रसिद्ध झाला. ‘स्टेज’ ही त्यांची सर्वाधिक चर्चिली गेलेली कविता.

कवितेतील प्रसंग अगदी साधा आहे. सभा भरली आहे. ज्यांच्यासाठी सभा आहे त्यांना वर बोलावणे नाही. बोटाने त्यांची जागा दाखवली जाते आणि ते बसतात, त्याबद्दल त्यांचे कौतुकही होते. वरची माणसे खालच्यांना खालच्यांचेच दुःख सांगत राहतात. खाली कुजबुज होते तेव्हा वरून दरडावणी येते. कवितेचे बळ तिच्या स्वरात आहे. त्यात आक्रोश नाही. घडले ते क्रमाने सांगितले आहे, आणि त्या क्रमामुळेच उपहास धारदार होतो. दुःखाची मालकी कोणाची, हा प्रश्न मराठी कवितेत इतक्या कमी शब्दांत क्वचितच विचारला गेला असेल.

समीक्षकांनी या कवितेचा रोख बहुधा प्रस्थापितांकडे आहे असे मानले आहे. तो अर्थ अपुरा आहे. सावकार किंवा अधिकारी आदिवासींचे दुःख आदिवासींना समजावून सांगत बसत नाहीत. ते काम हितचिंतक करतात. कवितेतील व्यासपीठ मित्रांचे आहे, परिवर्तनवादी चळवळींचे आहे, आणि म्हणूनच ती लिहिणे धैर्याचे होते. हा निकष ‘स्वदेस’ला लावणे सोपे आहे. चित्रपटात पडदा दूर होतो, व्यासपीठ मात्र तसेच राहते. पण मग तोच निकष बिलगावलाही लावला पाहिजे. नर्मदेच्या संघर्षाची देशाला व जगाला माहीत असलेली नावे किती आदिवासींची आहेत? जलसिंधीच्या बावा महालिया यांनी १९९४ साली मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलेले पत्र हा या लढ्यातील एक असामान्य दस्तऐवज आहे. नदी, जंगल, शेत, दैवत यांचा हिशेब त्यात एका आदिवासी शेतकऱ्याने स्वतः मांडला आहे. मराठीच्या अभ्यासकांनी त्याची घ्यावी तशी दखल घेतलेली दिसत नाही. मेधा पाटकर यांच्या कार्याची थोरवी कमी न लेखताही हा प्रश्न विचारता येतो, किंबहुना वाहरू सोनवणे यांनी तो कवितेतून आधीच विचारून ठेवला आहे.

गोल्डमन पर्यावरण पुरस्काराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९२ साली तो मेधा पाटकर यांना मिळाला. २०२४ साली तो भारतातून आलोक शुक्ला यांना, छत्तीसगडमधील हसदेवच्या जंगलासाठी आदिवासी गावांसोबत दिलेल्या लढ्याबद्दल मिळाला; आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून मुरावा जॉन्सन या तरुण आदिवासी स्त्रीला. क्वीन्सलँडमधील एका प्रचंड कोळसा खाणीविरुद्ध जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो दावा लढवला त्यात हवामान बदलामुळे मूलनिवासींच्या सांस्कृतिक हक्कांवर गदा येते, हा मुद्दा होता. तेथील भूमी न्यायालयाने साक्षी नोंदवण्यासाठी केवळ आपल्या दालनात बोलावणे न धाडता मूलनिवासींच्या भूमीवर जाऊन, त्यांच्या रीतीने, त्या ऐकून घेतल्या आणि २०२२ साली खाणीस परवानगी देऊ नये अशी शिफारस केली. ‘स्टेज’च्या परिभाषेत सांगायचे तर वरचे खाली उतरले. भारतातही ओडिशातील खडिया समाजाच्या अर्चना सोरेंग यांची २०२० साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांच्या हवामानविषयक युवा सल्लागार गटात निवड झाली. तीही स्वागतार्ह घटना आहे. मात्र व्यासपीठावर एक खुर्ची वाढवणे आणि व्यासपीठाची रचना बदलणे यांत फरक करावा लागेल.

अपारंपरिक ऊर्जा आली म्हणजे ही रचना आपोआप बदलत नाही, याचा दाखला बिलगावपासून फार दूर नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात पवनचक्क्यांसाठी वनजमिनी दिल्या गेल्या तेव्हा त्या जमिनी कसणाऱ्या आदिवासींनी विरोध केला. वनहक्काची मागणी करणाऱ्याला पुराव्यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात आणि वाऱ्यावर वीज करणाऱ्याला जमीन मिळते, हा अनुभव हरित ऊर्जेविषयीच्या गौरवपर लेखनात सापडत नाही.

याउलट गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सोनवणे यांच्या प्रश्नाला जवळजवळ शब्दशः उत्तर देणारी पद्धत घडवली. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम या धरणांविरुद्धच्या आंदोलनात घडलेले देवाजी तोफा आणि त्यांचे तरुण सोबती गावी परतले, आणि ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांनी कारभारात उतरवली. गावाच्या अभ्यासगटात बाहेरच्या जाणकाराला स्थान असते. त्याने माहिती द्यावी, वाद घालावा. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने, आणि त्यात बाहेरच्याला मत नाही. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाशी दीर्घकाळ जोडलेले ‘वृक्षमित्र’चे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचे जानेवारी २०२५ मध्ये निधन झाले. योगायोगाने हेही मोहनच. परंतु त्यांनी आपली जागा अभ्यासगटात ठरवून घेतली होती. ‘स्वदेस’ला असा मोहन कल्पिता आला असता तर चित्रपट नायकप्रधान राहिला नसता, आणि बहुधा काढलाही गेला नसता.

पैनगंगेच्या काठावरून

नांदेड-लातूरच्या अभ्यासकाला सातपुडा दूरचा वाटणे शक्य आहे. परंतु नांदेड जिल्ह्याच्या किनवट व माहूर तालुक्यांत गोंड, कोलाम, प्रधान, आंध या जमातींची वस्ती आहे, आणि पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्याने भुजंग मेश्राम यांच्यासारखा कवी मराठीला दिला आहे. या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील पैनगंगेवर निम्न पैनगंगा प्रकल्प अनेक वर्षे वादाचा विषय आहे. बुडिताखाली येऊ शकणाऱ्या गावांत आदिवासींची गावे आहेत आणि त्यांचा विरोध जुना आहे. मराठवाड्याला पाणी हवे आहे, हे खरे. लातूरने पाण्याची रेल्वे पाहिली आहे. तेथील माणसाला धरण म्हणजे अन्याय असे सांगून चालणार नाही. म्हणूनच हा प्रश्न येथे अधिक अवघड आणि अधिक खरा होतो: तहानलेला आणि बुडणारा हे एकाच विभागाचे, कधी एकाच जिल्ह्याचे रहिवासी आहेत, आणि दोघांपैकी एकाचेच बोलणे सभेत ऐकू येते.

या पार्श्वभूमीवर आदिवासी साहित्याच्या अध्यापनाकडे पाहिले तर एक विसंगती जाणवते. ‘आदिवासी कवितेतील दुःखाचे चित्रण’ या धर्तीचे विषय चर्चासत्रांत आणि प्रश्नपत्रिकांत परिचयाचे आहेत. ‘स्टेज’वरही असाच प्रश्न विचारता येतो: कवितेतील आदिवासींचे दुःख स्पष्ट करा. किनवटहून आलेला कोलाम विद्यार्थी परीक्षागृहात बसून त्याचे उत्तर लिहितो, आणि ते बरोबर आहे की चूक हे तपासणारा त्याला गुण देतो.